दहावीला जाणाऱ्या मुलीसाठी ५२ हजारांचा ऑनलाइन कोर्स घ्यावा का?

शिवणताई, सांगोला

नमस्कार. मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी शिवणकाम करते, ब्लाऊज, पिको-फॉल, जूनमध्ये शाळेचे गणवेश. मालकांची तीन एकर जमीन, त्यात दीड एकर डाळिंब ठिबकवर. मोठी मुलगी येत्या जूनमध्ये दहावीला जाईल. मराठी माध्यम, शेजारच्या गावातलं हायस्कूल, सायकलवर जाते. धाकटा सहावीत आहे.

मागच्या महिन्यात मोबाईलवर एक जाहिरात आली, तिनं नंबर भरला आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारा मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, तुमच्या मुलीची मोफत चाचणी घेतो. रविवारी पाऊण तासाचा क्लास झाला. शिकवणाऱ्या मॅडम इंग्रजीतच बोलत होत्या, भरभर. पोरीला निम्मं कळलं. स्क्रीनवर रंगीत ठोकळे एकाखाली एक लावून मांजर चालवायचं होतं, ते तिनं केलं. क्लास संपल्या संपल्या तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. लगेच मला फोन: तुमची मुलगी फार हुशार आहे, दोन वर्षांचा कोर्स घ्या, कोडिंग, रोबोटिक्स, एआय सगळं येईल, बारावीनंतर करिअरची काळजी नाही. फी ५२ हजार, अठरा हप्ते. आज बुक केलं तर सवलत, उद्या नाही.

मी दोन हजार भरून जागा धरली. नंतर रात्रभर झोप लागली नाही. आता ते आधार, पॅन आणि बँकेचा ओटीपी मागतायत, शनिवारपर्यंत. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही.

माझी अडचण नीट सांगते. पोरीला खरंच यातलं काहीतरी करायचं आहे, ही हौस माझी नाही, तिची आहे. सातवीत असताना तिनं मिक्सरचा बिघडलेला स्विच बदलला. डाळिंबाच्या ठिबकाचा टायमर मालकांना कधी जमला नाही, तो तीच लावते. मला सारखी विचारते, आई, तुझ्या मशिनच्या मोटारीचं पेडल हळू शिवताना गरम होतं, मग जोरात दाबल्यावर कमी गरम का? मला काय माहीत! पंधरा वर्षं मी ते पेडल दाबतेय, माझ्या कधी डोक्यातसुद्धा आलं नाही.

घरात एकच बरा स्मार्टफोन आहे, रोजचा दीड जीबी डेटा. कॉम्प्युटर नाही. शाळेत कॉम्प्युटरची खोली आहे, शनिवारी एक तास मिळतो. तिला फक्त दहावीचे मार्क नकोत. पुढं जाऊन कामाला येईल असं विज्ञान-तंत्रज्ञान ती घरबसल्या कसं शिकेल? पैसे घालायची माझी तयारी आहे. दोन सीझनच्या गणवेशाचे पैसे बाजूला ठेवलेत. पण ते योग्य जागी जावेत. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपा करून सांगा.

---

फळा-खडू (माध्यमिक शिक्षक, जत)

ताई, आधी शनिवारचं बघू. ओटीपी देऊ नका. असे हप्ते म्हणजे बऱ्याच वेळा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं, आणि पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जातात. मुलीनं दोन महिन्यांत क्लास सोडला तरी कर्ज तुमच्या मानेवर राहतं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं पालकांना जाहीर सूचनाच काढली होती की ऑनलाइन शिक्षण कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका आणि अटी वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्या शाळेतल्या एका पालकांना हे भोगावं लागलं. मी त्यांच्याबरोबर बँकेत तीन वेळा गेलोय. दोन हजार परत मागा, मेलवर लेखी मागा, फोनवर नको. ते आले नाहीत तरी चालेल, पुढचे पन्नास वाचले.

आता पोरीचं. तिचा पेडलचा प्रश्न वाचला आणि मी चहा ठेवून लिहायला बसलो. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. असा प्रश्न वर्षाला एखाददुसरं पोर विचारतं. त्याचं उत्तर तिला सांगू नका, मीही इथं लिहीत नाही. ती ते स्वतः काढू शकते, आणि त्यासाठी लागणारं सगळं तिच्या नववीच्या ‘धाराविद्युत’ आणि दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या दोन पाठांत आहे. एवढंच सांगतो की जुन्या पेडलमध्ये कार्बनच्या चकत्यांची चळत असते. पेडल जसं दाबाल तशा त्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि त्यांचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. पेडल उघडून बघायचं नाही. घरची वीज २३० व्होल्टची असते, याबाबतीत कडक राहा.

प्रयोग कसा करायचा ते सांगतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ नावाचं संकेतस्थळ आहे. कार्ल वायमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हे काम सुरू केलं. तिथं पडद्यावर बॅटरी, दिवा, वायर, रोध ओढून जोडता येतात, ॲमीटर लावून धारा, म्हणजे किती वीज वाहते ते, मोजता येते. फुकट आहे, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतं, बऱ्याच प्रतिकृती मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालते, म्हणजे तुमचा दीड जीबी पुरून उरेल. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आणि अमृता विद्यापीठ यांचं ‘ओलॅब्स’ही आहे, नववी ते बारावीचे प्रयोग त्यात पाठांप्रमाणे लावलेले आहेत.

पण त्यात माझी एक अट आहे, आणि ती मी वर्गातही लावतो. बटण दाबायच्या आधी वहीत लिहायचं: मला काय होईल असं वाटतं, आणि का. मग बटण दाबायचं. मग जे झालं ते खाली लिहायचं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. दोन दिवे एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले आणि एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल? समांतर, म्हणजे प्रत्येकाला वेगळी वाट देऊन, जोडले तर? गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलानं लिहिलं होतं की बॅटरीजवळचा दिवा जास्त उजळेल, कारण वीज आधी त्याच्याकडे पोचते. दोन्ही सारखेच उजळले. तो पोरगा पाच मिनिटं गप्प बसला आणि मग त्यानं बॅटरी उलटी करून बघितली. त्या पाच मिनिटांत तो जे शिकला ते मला पूर्ण तासभर बोलून शिकवता आलं नसतं. नुसते व्हिडिओ बघणाऱ्या पोरांना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि फळ्यापाशी बोलावलं की हात चालत नाही.

पडद्यावर झालं की हातानं करायचं. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन-चार एलईडी, ३३० ओहमचे रोध, थोडी वायर आणि व्होल्ट, धारा, रोध मोजणारा साधा मल्टिमीटर. सगळं मिळून चारशे-पाचशे रुपये. तुमच्या ५२ हजारांतला पहिला खर्च हा.

कोडिंगचं मात्र मला दहावीच्या वर्षात तितकंसं पटत नाही. मांजर चालवून करिअर होत नाही. आधी विज्ञान पक्कं होऊ दे.

---

शिवणताई, सांगोला

सर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. ओटीपी दिला नाही. मेल पोरीनंच लिहिला. पोरीला फेट दाखवलं. काल रात्री अकरापर्यंत फोन तिच्याच हातात होता, शेवटी मालकांनी ओरडून घेतला. तिनं दिवे जोडले आणि अंदाजाची वही केली. तिचा पहिला अंदाज चुकला, तर तिला ते पान फाडायचं होतं. तुमचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा राहू दिलं.

एक विचारायचं होतं. हे सगळं करून पुढं ती काय होईल? लोक विचारतात तेव्हा मला सांगता येत नाही. कंपनीवाला मुलगा तरी म्हणत होता, रोबोटिक्स इंजिनियर.

---

पॅनेलवाला, चाकण

ताई, मी मूळचा मंगळवेढ्याचा, म्हणजे तुमचा शेजारीच. दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आता चाकणला कारखान्यांचे ऑटोमेशन पॅनेल बनवतो. नवीन पोरांच्या मुलाखती मीच घेतो, त्यामुळं ‘पुढं काय’ याचं उत्तर मी देऊ शकतो.

मुलाखतीला येणाऱ्या पोरांच्या फायलीत दहा-दहा ऑनलाइन प्रमाणपत्रं असतात. मी ती बघत नाही. मी विचारतो, तू स्वतः बनवलेली एक वस्तू सांग आणि ती पहिल्यांदा का चालली नाही ते सांग. दहातली सात पोरं इथं थांबतात. ज्याला सांगता येतं त्याला मी ठेवून घेतो, मग त्याचं कॉलेज कुठलंही असो.

सरांचं सगळं पटलं, पण कोडिंगबद्दल मी वेगळं सांगेन. माझ्या कामात वायर आणि प्रोग्रॅम वेगळे काढताच येत नाहीत. शेतात टायमर लावणारी मुलगी प्रोग्रॅमच लिहीत असते, फक्त बटणांनी. तिनं कोडिंग शिकावं, पण हातात धरता येईल अशा एखाद्या वस्तूसाठी. आणि तुमच्याकडे ती वस्तू आहे: डाळिंबाचं पाणी.

सांगोल्याच्या माणसाला मी डाळिंब काय शिकवणार. पण पाणी जास्त झालं तर मर रोगाला निमंत्रण आणि ताण पडून मग एकदम पाणी मिळालं तर फळ तडकतं, हे तुम्ही रोज बघता. आज तुमचे मालक माती हातात दाबून ठरवत असतील. पोरीनं त्या हाताला आकडा द्यावा.

आर्डुइनो नावाचा एक छोटा बोर्ड मिळतो, पत्त्याच्या कॅटएवढा, त्यात आपण लिहिलेला प्रोग्रॅम भरता येतो. त्याची तशीच बनवलेली स्वस्त प्रत पाचशेच्या आसपास येते. त्याला मातीतली ओल मोजणारा सेन्सर जोडायचा. बोर्ड सेन्सरचं विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, ० ते १०२३ अशा आकड्यात दाखवतो. इथंच बहुतेक व्हिडिओ संपतात: बघा, आकडा आला! पण ६४० म्हणजे किती ओल? हे कोणी सांगत नाही, कारण ते प्रत्येक मातीला वेगळं असतं. म्हणून घरची माती दोन दिवस उन्हात नीट वाळवायची. किराणा दुकानातल्या काट्यावर बरोबर एक किलो मोजायची. डब्यात घालून सेन्सर खोचायचा, आकडा लिहायचा. मग ५० मिली पाणी, कालवायचं, दहा मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा. पुन्हा ५०. माती चिखल होईपर्यंत. या आकड्यांचा आलेख काढला की तो तुमच्या शेताचा आलेख. जगात दुसऱ्या कोणाकडे तो नसणार.

एक चूक आधीच सांगतो, कारण त्यात माझे तीन सेन्सर गेले. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला की ओल्या मातीतून वीज वाहत राहते आणि दांडीचा मुलामा झिजून जातो. काही आठवड्यांत आकडे भरकटतात, आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. सेन्सरला वीज फक्त मोजायच्या वेळेपुरती द्यायची, तीही बोर्डाच्याच एका पिनमधून. किंवा सरळ कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यायचा, त्याच्या पट्ट्या झाकलेल्या असतात.

शिकायचं कुठून? शनिवारच्या शाळेतल्या तासाला ‘टिंकरकॅड’ वापरा. त्यात आर्डुइनो पडद्यावरच जोडता येतो, ठोकळ्यांनीही आणि लिहूनही, काही जळत नाही. आणि आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघा. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, त्यांची पद्धतच अशी की व्हिडिओ थांबवायचा आणि शेजारी आपण तेच करून बघायचं. लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट यंत्रणा), लिब्रे ऑफिस, सी आणि सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषा असे विषय मराठी आवाजात आहेत. आर्डुइनोची भाषा सी++चीच आहे, म्हणून ते उपयोगी पडेल. लॅपटॉप आत्ता घेऊ नका. दिवाळीपर्यंत तिची वही भरली तर जुना, कंपन्यांतून निघालेला लॅपटॉप बारा-पंधरा हजारांत मिळतो, त्यावर लिनक्स टाकायचं. मला विचारा, मी बघून घेऊन देईन.

आणि सोलापूरला केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. पोरीकडे आलेख तयार झाला की तिला घेऊन तिथं जा. वही दाखवा. रिकाम्या हातानं गेलात तर माहितीपत्रक देतील, वही घेऊन गेलात तर माणूस बोलायला बसेल.

ती काय होईल? इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, कृषी अभियांत्रिकी, यातलं काहीही होऊ शकते. दहावीनंतर लगेच हातानं काम हवं असेल तर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला सीईटी नाही, दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो, आणि काही संस्थांत मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत शिकता येतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्काबाबत जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. तुमचा प्रवर्ग आणि तिचा अभ्यासक्रम त्यात बसतो का ते प्रवेशाच्या वेळी विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांग असते.

---

हिंगोलीची मुलगी

काकू, मी २१ वर्षांची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सध्या इथल्याच कॉलेजात बीएस्सी करते आणि त्याबरोबर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस डेटा सायन्स. तुमच्या मुलीला आत्ता याची गरज नाही, पण दोन वर्षांनी असेल, म्हणून लिहितेय.

ही पदवी २०२० मध्ये सुरू झाली. जेईई लागत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, बारावी कुठल्याही शाखेची चालते. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट, मग पात्रता परीक्षा. अभ्यास घरून, पण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. म्हणून त्या प्रमाणपत्राला किंमत आहे, दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही. पहिल्या पातळीवर आठ विषय. मध्येच थांबावं लागलं तरी प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये सवलत आहे. अकरावीची परीक्षा झाली की पात्रता परीक्षा देता येते. २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचीही अशीच पदवी आहे. तिला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं आणि प्रयोगांसाठी चेन्नईला जावं लागतं. पेडलचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ती आवडेल.

दादांनी आणि सरांनी मराठीतली साधनं सांगितली, ती खरंच चांगली आहेत. पण इंग्रजीचं काम आत्तापासून सुरू करा. पहिले तीन महिने मी रडत होते. गणित येत होतं, वाक्य कळत नव्हतं. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ म्हणजे ‘प्रमाण विचलन’ हे कळायला मला एक संध्याकाळ लागली आणि कळल्यावर राग आला, कारण पुढचं गणित सोपं होतं. मग मी दोन रकान्यांची वही केली. डावीकडे बालभारतीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोध – रेझिस्टन्स. विभवांतर – पोटेन्शियल डिफरन्स. एकसर – सिरीज. रोज पाच शब्द. बारावीत हे केलं असतं तर ते तीन महिने वाचले असते. तिनं दहावीत केलं तर अजून बरं.

आणि गणित भाग १ मधले शेवटचे दोन पाठ, संभाव्यता आणि सांख्यिकी, तिनं मार्कांपुरते करू नयेत. माझं आजचं अर्धं शिक्षण त्या दोन पाठांवर उभं आहे. दादांचा मातीचा आलेख काढला की सांख्यिकी तिला पाठ करावी लागणार नाही. एकाच डब्यात तीन वेळा सेन्सर खोचून बघू दे. तीन वेगळे आकडे येतील. मग खरा कोणता, हा प्रश्न तिलाच पडेल.

तिला माझा नमस्कार सांगा. अडलं तर इथंच लिहायला सांगा, मी रोज रात्री येते.

---

शिवणताई, सांगोला

सगळ्यांना नमस्कार. साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, गणवेशाचा हंगाम होता, मान वर करायला वेळ नव्हता.

कंपनीचे दोन हजार अजून आले नाहीत. दुसरा मेल केलाय. फोन उचलत नाही आम्ही.

वायर, एलईडी, मल्टिमीटर पंढरपूरहून आणलं, ४७० रुपये. शाळेतल्या सरांना टिंकरकॅडचं सांगितलं. त्यांनी शनिवारचा तास तिला आणि अजून चार मुलींना दिला. दोन रकान्यांची वही सुरू आहे, सत्तरच्या वर शब्द झालेत. स्वयंपाक करताना ती मला विचारते, मग मीही म्हणते, रेझिस्टन्स. माती गच्चीवर वाळत घातली होती, तर पाऊस आला. पुन्हा वाळवतेय. आर्डुइनो पुढच्या आठवड्यात येईल. दादा, लॅपटॉपचं तुम्हाला दिवाळीत विचारीन, विसरू नका.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. सर, पेडलचं उत्तर तिनं काढलं.

गेल्या बुधवारी मी काजं करत होते, हळू शिवावं लागतं, पेडल चांगलंच तापलं होतं. ती फेट घेऊन माझ्या शेजारी बसली. नऊ व्होल्टची बॅटरी, दहा ओहमचा दिवा आणि मध्ये एक रोध. म्हणाली, आई, दिवा म्हणजे तुझी मोटार आणि हा रोध म्हणजे पेडल. मग रोध बदलत गेली आणि लिहीत गेली. वहीत असं आहे:

रोध २, धारा ०.७५, उष्णता १.१
रोध १०, धारा ०.४५, उष्णता २.०
रोध १००, धारा ०.०८, उष्णता ०.६

उष्णतेचा आकडा तिनं धारेचा वर्ग गुणिले रोध असा काढलाय, दहावीच्या पुस्तकात तसं सूत्र आहे म्हणे. वर तिचा अंदाज लिहिला होता: ‘रोध जितका जास्त तितकं पेडल जास्त गरम.’ तो चुकला. खोडला नाही. खाली लिहिलंय: ‘रोध खूप जास्त असला तर धाराच कमी जाते म्हणून गरम होत नाही. पूर्ण दाबलं तर रोधच कमी म्हणून गरम होत नाही. अर्धं दाबलं की दोन्ही असतं.’

मी तिच्यासमोर पेडल पूर्ण दाबून पाच मिनिटं सरळ शिलाई मारली, मग हात लावून बघितला. मग पाच मिनिटं अर्धं दाबून, आणि पुन्हा हात लावला. मालकांनाही लावायला लावला.

तिनं आता विचारलंय की दोन्ही रोध दहा-दहा असतानाच सगळ्यात जास्त गरम का होतं, आठ किंवा बारा का नाही? सर, तिनं आठ आणि बारा दोन्ही घालून बघितलेत, दोन्ही वेळा आकडा दहाच्या वेळच्या २.०२५ पेक्षा किंचित कमी येतो. हे कुठल्या पाठात आहे?